मेनू नसलेला समुद्र

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याची वाटणी झाली आणि पालघर जिल्हा वेगळा राहू लागला. भावाभावांच्या वाटणीत होतं तेच पुढे झालं. समुद्र वसई, पालघर आणि डहाणूकडे गेला, थोडा तलासरीला मिळाला. कारखाने बोईसरने ठेवले. चिकू डहाणू-घोलवडचे. जव्हार-मोखाड्याच्या वाट्याला धुकं आलं. धुक्याचा सातबारा निघत नाही, त्यामुळे त्यावरून कुणी कोर्टात गेलं नाही. उलट जव्हारला ‘पालघरचं महाबळेश्वर’ अशी पदवी मिळाली. पदवी देताना महाबळेश्वरला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. पण हल्ली इकडचे काही शेतकरी स्ट्रॉबेरीही लावतात, म्हणजे आमच्या बाजूने तरी पदवी मान्य झालेली आहे.

समुद्रसपाटीपासून जव्हार साडेचारशे मीटर उंच. समुद्राखालच्या जिवांशी आमची ओळख आठवडी बाजारापुरती. सुकट, जवळा, बोंबील, सगळे वाळलेले. जिवंतपणी यांच्यापैकी कुणी आम्हाला भेटलेलं नाही. मात्र जुलै लागला की जव्हार स्वतःच पाण्याखाली जातं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत उरकतो. या दिवसांत छत्री ही भिजण्याची एक सावकाश पद्धत आहे. दोरीवर घातलेला टॉवेल आठवड्याने काढला तर घातला होता त्याहून ओला निघतो. हनुमान पॉइंटवर मुंबईचे पर्यटक उभे राहून धुक्याचे फोटो काढतात आणि घरी गेल्यावर त्यांना खाली लिहावं लागतं की मागे दरी आहे.

अशाच एका जुलैत माझी भाची पुण्याहून आली. ती गेम डिझाइन शिकते. असा अभ्यासक्रम असतो हे तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, नातेवाइकांना अजून सांगितलेलं नाही. बाहेर ‘कॉम्प्युटरला आहे’ एवढंच सांगतात. भाची आली तेव्हा मी वर्गातल्या मुलांचे गुण ऑनलाइन भरत होतो. जव्हारला पावसाळ्यात ऑनलाइन काही भरायचं म्हणजे आधी खिडकीत जायचं, मग पायरीवर, मग रस्त्याच्या वळणावर, आणि तिथे रेंजची एक काडी दिसली की श्वास रोखून उभं राहायचं. माझ्याआधी तिथे टपाल खात्यातले एक गृहस्थ आणि एक नवरदेव उभे होते. नवरदेवाचं अजून ठरायचं होतं, तो फोटो पाठवत होता.

भाचीने हे सगळं पाहिलं आणि निदान केलं. “मामा, तू फार टेन्स असतोस. तू काहीतरी शांत खेळायला हवंस.”

“पत्ते?”

“पत्त्यांत तू ओरडतोस.”

हे खरं असल्यामुळे मी गप्प बसलो. तिने पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरला लावला.

त्या गेमचं नाव ‘फ्लो’. जेनोवा चेन हा शांघायचा मुलगा अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात शिकत होता. तिथल्या एम.एफ.ए.च्या प्रबंधाचा भाग म्हणून त्याने निकोलस क्लार्क या सहकाऱ्याबरोबर २००६ साली हा गेम केला. चेनचं मूळ नाव शिंगहान. ‘जेनोवा’ हे त्याने दुसऱ्या एका व्हिडिओ गेममधून उचललं. प्रबंध म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे काळ्या बाइंडिंगचा तो ठोकळा येतो, जो परीक्षकही दोन्ही हातांनी उचलतात आणि तसाच ठेवतात. चेनचा प्रबंध पहिल्या दोन आठवड्यांत लाखभर लोकांनी उतरवून घेतला. माझा प्रबंध टायपिस्टने संपूर्ण वाचला असावा असा माझा कयास आहे, कारण त्यात त्याने दुरुस्त्या केल्या होत्या. २००७ साली सोनीने चेनचा गेम प्लेस्टेशन ३ वर आणला आणि त्यांच्या दुकानातून त्या वर्षी सर्वांत जास्त उतरवला गेलेला गेम तोच ठरला.

माझ्याकडे आली ती मूळची फ्लॅशवरची आवृत्ती. जवळपास साऱ्या जगात फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. ही बातमी माझ्या कॉम्प्युटरला अजून कळलेली नाही, कारण त्याला नेट नाही. मागास भागात राहण्याचे असे काही फायदे असतात आणि ते कोणत्याही पाहणी अहवालात येत नाहीत.

पडद्यावर निळं पाणी आलं. त्यात पांढुरक्या रेषा आणि वर्तुळं जोडून केलेला एक किडा. माउस नेऊ तिकडे तो जातो. आजूबाजूला बारीकसारीक जीव तरंगत असतात, ते खायचे. खाल्लं की किड्याचं अंग वाढतं. लाल जीव खाल्ला की तो एक थर खोल जातो, निळा खाल्ला की एक थर वर. खोलात काळोख वाढतो, मोठे जीव भेटतात. ते चावले तर आपण वर ढकलले जातो, एवढंच. गुण नाहीत, घड्याळ नाही, ‘गेम ओव्हर’ नाही, मरण नाही. पुढे केव्हातरी किड्याच्या जागी जेलीफिश होऊनही फिरता येतं.

“आणि यात मेनूच नाही,” भाची अभिमानाने म्हणाली. “सूचना नाहीत, बटणं नाहीत. सगळं काढून टाकलंय. हेच अवघड असतं, मामा.”

मला त्यात अवघड काही दिसलं नाही. मोखाड्याच्या नाक्यावर मी ज्या खानावळीत जेवतो तिथेही मेनू नाही. सूचना नाहीत. आपण बाकावर बसायचं, ताट येतं. ताटात जे आहे ते त्या दिवशी आहे आणि जे नाही ते विचारायचं नाही. एकदा एका पाहुण्याने ‘आज काय काय आहे?’ असं विचारलं, तर मालकाने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि पाणी आणून ठेवलं. अनावश्यक ते काढून टाकण्याची ही कला तालुक्यात सर्वदूर पोचलेली आहे. दुपारच्या एसट्या काढून टाकल्या आहेत. एटीएममधून पैसे काढून टाकले आहेत. काही पाड्यांत तर खांब ठेवून नुसती लाइट काढून टाकली आहे, आणि ते फारच कलात्मक दिसतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली पहिल्यांदा चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. ‘पॅकमॅन’ आणि ‘टेट्रिस’च्या जोडीला त्यात ‘फ्लो’ही आहे. त्यांनी मोखाड्याचा नाका पाहिलेला नाही.

पण मुद्दा शांततेचा होता. हा गेम शांत आहे यात शंका नाही. त्याच्या मागे एक तत्त्वज्ञानही आहे. मिहाय चिक्सेंटमिहाय नावाचे हंगेरियन वंशाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचं आडनाव न अडखळता उच्चारायला जी एकाग्रता लागते तिच्यावरच त्यांनी आयुष्यभर संशोधन केलं. काम फार सोपं असलं की माणूस कंटाळतो, फार अवघड असलं की घाबरतो. दोहोंच्या मधे एक चिंचोळी वाट आहे. तिथे कौशल्य आणि आव्हान बरोबरीला येतात, माणूस वेळ विसरतो, तहान विसरतो, स्वतःलाही विसरतो. या अवस्थेला त्यांनी ‘फ्लो’ म्हटलं आणि १९९० साली त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. चित्रकार, बुद्धिबळपटू, कडे चढणारे लोक यांना विचारून विचारून त्यांनी हे काढलं. चेनने ते गेममध्ये बसवलं. गेम किती अवघड करायचा हे इथे खेळणारा स्वतः ठरवतो. जमतंय असं वाटलं तर खाली जा, धडकी भरली तर वर ये.

आमच्या घाटात कडे चढणारे हौशी लोक पावसाळ्यात पुष्कळ येतात. पण चिक्सेंटमिहाय यांनी जव्हार-नाशिक रस्त्यावर धुक्यात एसटी चालवणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं असतं तर पुस्तक निम्म्यात झालं असतं. समोर पाच फुटांवर काही दिसत नाही, वायपर एकच चालतो, तोही प्रवाशाच्या बाजूचा. कौशल्य आणि आव्हान इतकं काठोकाठ जमलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. स्वतःला विसरणं या अवस्थेत ड्रायव्हरला परवडत नाही एवढाच फरक. ते काम प्रवासी करतात.

तर मी खेळायला बसलो. किडा हलला. एक ठिपका खाल्ला, दुसरा खाल्ला. बाहेर पाऊस, आत निळं पाणी, खांदे थोडे सैलावले. आणि एवढ्यात घरमालकांच्या आई जिना चढून आल्या.

चेनने आपल्या प्रबंधात खेळणाऱ्याचा विचार फार बारकाईने केलेला आहे. बघणाऱ्यांचा केलेला नाही. अमेरिकेत बघणारे नसतात. जव्हारला पावसाळ्यात संध्याकाळी कुणाच्या घरी पडदा उजळला तर आळीला ते कळतं. आजींच्या मागून शेजारचे निवृत्त कंडक्टर काका आले. त्यांच्यामागून वसतिगृहातली माझी काही मुलं ‘सर, एक शंका’ म्हणत आली आणि शंका विसरून खाली बसली. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी हात पुसत दारात उभ्या राहिल्या. शांत खेळाला सभागृह भरलं.

आजींचा पहिला प्रश्न मूलभूत होता. “हा खातो कोण?”

“किडा आहे, आजी. पाण्यातला जीव.”

“आणि याला कोण खातं?”

“त्याहून मोठा.”

“मग ठीक आहे,” आजी म्हणाल्या आणि बसल्या. पुढे एक गोलसर, फुगीर जीव तरंगत आला तेव्हा त्यांनी मान वाकडी करून त्याचा अंदाज घेतला आणि याला काटे फार असणार असं जाहीर केलं. मराठी माणसाच्या डोक्यात मासा पाण्यातून थेट ताटात येतो, मधे कुठे थांबत नाही. मत्स्यालयात काचेसमोर उभं राहून ‘केवढं पापलेट!’ म्हणणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याकडे समुद्राखालचं सौंदर्य न्याहाळायला माणूस आधी जेवलेला लागतो.

कंडक्टर काकांचा प्रश्न वेगळा होता. “स्कोअर किती?”

“यात स्कोअर नसतो, काका,” भाची म्हणाली.

“नसतो म्हणजे? मग कळायचं कसं?”

“काय कळायचं?”

“किती झाले ते!”

भाचीने त्यांना समजावून सांगितलं की मोजणं काढून टाकणं हाच या गेमचा आत्मा आहे. काकांनी ऐकून घेतलं. बत्तीस वर्षं त्यांनी डेपोत हिशेब दिलेला आहे. आत्मा त्यांना मान्य आहे, पण वेबिलावर चढवल्याशिवाय नाही. दुसऱ्या दिवशी ते एक वही घेऊन आले. तिच्यात रकाने आखलेले होते. फेरी, खाली, वर, खाल्ले, शेरा. किडा लांब झाला की ते त्याच्या कड्या मोजायचे आणि मोठ्याने ‘फुल्ल!’ म्हणायचे. मोठ्या जिवाने चावा घेऊन किड्याला वर ढकललं की शेऱ्यात ‘ब्रेकडाउन’ पडायचं. ज्या गेममधून आकडे हद्दपार करायला एका हुशार तरुणाने पदव्युत्तर शिक्षण घेतलं, त्याचा पूर्ण लेखाजोखा आता जव्हारमध्ये उपलब्ध आहे आणि लेखापरीक्षणाला तयार आहे.

वसतिगृहातल्या मुलांना हा किडा नवा नव्हता. नोकियाने १९९७ साली ६११० या फोनमध्ये ‘स्नेक’ दिला आणि पुढे स्वस्त फोनांतून तो घराघरांत पोचला. इकडे फोनला रेंज नव्हती, पण स्नेकला रेंज लागत नसे. त्यामुळे पुष्कळ लोकांनी फोन घेतला तो त्यासाठीच. तो सापही खाऊन वाढायचा. वाढला की स्वतःच्याच शेपटीवर आदळून मरायचा. ते गणित आम्हाला पटण्यासारखं होतं. खा, वाढ, आणि स्वतःच्याच पसाऱ्यात अडक, यात समजावून सांगण्यासारखं काही नसतं. ‘फ्लो’तला किडा कितीही वाढला तरी अडकत नाही. मुलांना तो जरा लाडावलेला वाटला.

त्यांच्यातला एक मुलगा दाभोसा धबधब्याच्या बाजूच्या पाड्यावरचा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग माउस त्याच्या हातात आला. लाल जीव समोर आला, त्याने सोडला. पुन्हा आला, पुन्हा सोडला. निळे तेवढे खात तो वर वर जाऊ लागला.

“अरे, खाली जायचंय,” भाची म्हणाली. “लाल खा.”

“पावसात मासा खाली कशाला जाईल, मॅडम?”

या प्रश्नाला पुण्याच्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं. बरोबर तो मुलगाच होता. जूनचे पहिले पाऊस दणकून झाले, ओहोळ तांबडे होऊन धावायला लागले, की इकडचा मासा प्रवाहाच्या उलटा चढतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात, ओहोळातून बांधावरून उडी मारून भाताच्या खाचरात. तिथे उथळ, कोमट पाण्यात अंडी घालतो. याला आमच्याकडे वलगण म्हणतात. त्या रात्री गाव झोपत नाही. हातात बॅटऱ्या, डोक्यावर प्लास्टिक, खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, आणि ज्याच्याकडे पाग नाही त्याच्याकडे टोपली, आणि जिच्याकडे टोपली नाही तिच्याकडे जुनी साडी. शिंगटी, मुऱ्या, जे चढेल ते. रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या तोंडाशी माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी असतात, वरून पाऊस, खालून पाऊस, आणि कुणाला किती वाजले ते माहीत नसतं. तिथे उभ्या असलेल्या कुठल्याही आजोबांना विचारा, ते तुम्हाला ‘सरक बाजूला’ म्हणतील. चिक्सेंटमिहाय यांनी वर्णन केलेली अवस्था ती हीच. सकाळी रस्ताभर सगळे शिंकत असतात आणि सगळ्यांच्या चुलीवर कालवण असतं.

(जाणकार सांगतात की अंडी भरलेला मासा असा वाटेत धरला तर पुढे नदीत मासा उरणार नाही. बरोबर सांगतात. पण हे त्यांनी वलगणीच्या रात्री मोरीच्या तोंडाशी उभं राहून सांगून पाहावं.)

तर तो मुलगा निळे जीव खात अगदी वरच्या थरावर पोचला. तिथे उजेड असतो आणि त्यापलीकडे काही नसतं. त्याने माउस वर, डावीकडे, उजवीकडे फिरवून पाहिला. मग भाचीकडे पाहून विचारलं, “वर शेत नाय?”

भाचीने नाही म्हणून सांगितलं.

“मग हा अंडी कुठे घालणार?”

खोलीत शांतता पसरली. गेमने इतका वेळ प्रयत्न करूनही ती आली नव्हती. काकांनी शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं आणि खोडलं.

मावशी अजून दारातच होत्या. त्या वारली आहेत, माहेर मोखाड्याकडचं. मोठा किडा वळसा घेऊ लागला, त्याच्या कड्या एकामागून एक चक्राकार आत वळू लागल्या, तशा त्या पहिल्यांदा हसल्या. “तारपा चाललाय,” म्हणाल्या. पुढे येऊन त्यांनी पडद्यावर बोटाने तो वळसा गिरवला. गोल, रेघ, पुन्हा गोल. तारप्याच्या नाचात माणसं हातात हात गुंफून अशीच सर्पिल फिरतात आणि तारपा वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाहीत. वारली चित्रात तो नाच ज्याने पाहिलेला नाही असा मराठी वाचक नसेल. हल्ली तो पिशव्यांवर आणि चहाच्या कपांवरही असतो. गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि काड्या, त्रिकोण, वर्तुळं. एवढ्यात माणूस, झाड, मुंगी, देव सगळं बसतं. शेजारच्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र भिंतीवरून कागदावर नेलं आणि जगभर पोचवलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. मासेमारीचं जाळं हा त्यांचा आवडता विषय. बारीक रेषांचं जाळं सगळ्या चित्रावर पसरलेलं आणि त्यात मासे. पडद्यावरच्या पांढऱ्या रेषांच्या किड्याला आणि त्या माशांना शेजारी ठेवलं तर म्युझियमवाल्यांनाही घटकाभर विचार करावा लागेल. माझं मत विचाराल तर मशे यांचे मासे जास्त जिवंत आहेत. चेनचा किडा सुरेख आहे, पण त्याला घाई नाही, आणि घाई नसलेला मासा मी फक्त बाजारात पाहिलेला आहे.

मावशींनी मग पडद्याकडे नीट पाहिलं. कडा शोधल्या. निळं पाणी चहूकडे जात होतं, खाली, आजूबाजूला, कुठे संपत नव्हतं.

“एवढं पानी!” त्या म्हणाल्या. “हे पन मुंबईला जातं का?”

कुणी हसलं नाही, कारण प्रश्न रास्त होता. वैतरणा मोखाड्यातून जाते. मुंबईसाठी तिच्यावर धरणं बांधणं ही फार जुनी हौस आहे. मुंबईच्या पालिकेतल्या मोडक नावाच्या इंजिनिअरांच्या नावाचा मोडकसागर १९५७ मधला. मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा धरण पूर्ण झालं २०१४ साली, म्हणजे आमचा जिल्हा आणि ते धरण एकाच वर्षाचे. उंची १०२ मीटर. त्यातून मुंबईला दिवसाला ४५.५ कोटी लिटर पाणी मिळतं. आणि एप्रिल-मे लागला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. टँकर आटलेल्या विहिरीत पाणी ओततो आणि मग बायका ते दोर सोडून पुन्हा वर काढतात. ओतायचं आणि काढायचं हा खेळ कुणाच्या प्रबंधातून आला ते शोधायला हवं. यातही मेनू नाही, गुण नाहीत आणि गेम ओव्हर होत नाही. दरवर्षी त्याच थरावरून सुरू होतो.

भाचीने मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं की गेममध्ये पाणी हा फक्त बॅकग्राउंड असतो, त्याच्याकडे लक्ष जाऊ नये अशीच रचना असते. मी म्हटलं, मावशींच्या माहेरी पाणी बॅकग्राउंडला नसतं, दीड किलोमीटरवर असतं.

मी शांत झालो का, हा प्रश्न तुमच्या मनात राहिला असेल. माउस माझ्या हातात फारसा आलाच नाही. संध्याकाळी कुणी ना कुणी खेळायचं आणि बाकीचे ‘डावीकडे! अरे डावीकडे! आला तो, पळ!’ असं ओरडायचे. आजींना किड्याची काळजी वाटू लागली होती. आता पुरे, पोट फुटेल त्याचं, असं त्या अधूनमधून सांगायच्या. मोठा जीव आला की मुलं पाय वर घ्यायची. मग लाइट जायची. प्लेस्टेशनवाल्यांना ठाऊक नसेल, पण ‘फ्लो’चा खरा शेवट असाच आहे. किडा मरत नाही, पडदा मरतो. गेम कुठवर आला ते कॉम्प्युटर लक्षात ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी काकांची वही उघडायची, तिच्यात बघायचं आणि काल जिथे होतो तिथवर पुन्हा खात खात जायचं. मधल्या अंधारात मेणबत्तीभोवती मुलं वलगणीच्या गोष्टी सांगायची, कुणाच्या टोपलीत साप आला आणि कोण पाग टाकून उताणा पडला. त्या गोष्टी गेमपेक्षा लांब चालायच्या.

गुण भरायची मुदत त्या गडबडीत निघून गेली. ती सगळ्यांचीच गेली होती, म्हणून वाढवून मिळाली.

भाची पुण्याला परत गेली ती एक कागद घेऊन. तिच्या वर्गाला वर्षअखेरीला गेम करायचा असतो आणि आम्ही सर्वांनी मिळून तिला अटी लिहून दिल्या आहेत. गेम करणारी, करू पाहणारी मराठी मुलं हल्ली पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी त्या इथेही देतो. ज्याला जमेल त्याने कराव्यात. मासा जूनमध्ये सुरू व्हावा आणि वर चढावा. वाटेत मोरी असावी, मोरीशी माणसं असावीत, त्यांना चुकवता यावं. पण एखाद्या वेळी त्यांनाही मिळावा, कारण त्यांच्याही घरी जेवायला बसलेले असतात. पाणी शेवटपर्यंत पुरावं आणि कुठे जातं ते दिसावं. काकांच्या आग्रहाखातर एका कोपऱ्यात आकडा असावा, लहान चालेल. सगळ्यात वरच्या थरावर भाताचं खाचर हवंच. मेनू नसला तरी हरकत नाही. आणि नेट लागता कामा नये.